डॅनिशचं व्याकरण कुठून सुरू करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या यजमानांना डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला नोकरी लागली आहे आणि त्या स्वतः चार महिन्यांनी तिकडे जाणार आहेत. मोबाइलवरच्या ॲपवर त्या रोज वीस मिनिटं डॅनिश करतात. तीनशेच्या आसपास शब्द येतात, पण स्वतःचं एक वाक्य जुळवायचं म्हटलं की सगळं अडतं. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजीतून लिहिलेली डॅनिश व्याकरणं वाचायला अडचण नाही. ‘इंग्रजी येत असेल तर डॅनिश सोपी’ असं प्रत्येक जण सांगतो. मग अडतंय कुठे, आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, मी गेली चौदा वर्षं ऑर्हूसमध्ये नवीन आलेल्या लोकांना डॅनिश शिकवते. त्यात आपली मराठी माणसंही पुष्कळ आली. अडतं तिथेच, जिथे इंग्रजीवर विसंबलं जातं. शब्दांच्या बाबतीत इंग्रजीची मदत होते हे खरं. दोन्ही भाषा एकाच जर्मॅनिक घराण्यातल्या आहेत, आणि व्हायकिंग इंग्लंडात स्थायिक झाले तेव्हा विंडो, एग, नाइफ असे कितीतरी शब्द त्यांच्या भाषेतून इंग्रजीत गेले. पण वाक्याची मांडणी वेगळी आहे. इंग्रजी वाक्य मनात तयार करून त्यात डॅनिश शब्द भरायला गेलात की चारातली तीन वाक्यं मोडतात. म्हणून माझा सल्ला असा की शब्दांचा पाठपुरावा महिनाभर थांबवा आणि आधी वाक्याचे खण शिका.

इथे डॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना मी उच्चार आणि स्पेलिंग यांच्या मधली वाट धरली आहे, म्हणजे प्रत्यय डोळ्यांना दिसतील. बोलताना शेवटचा ‘र’ जवळजवळ विरून जातो आणि ‘अ’सारखा ऐकू येतो, एवढं ध्यानात असू द्या.

डॅनिशच्या साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या खणात बसतं. दुसऱ्या शब्दाच्या जागी असं मी म्हणत नाही, दुसऱ्या खणात म्हणते. पहिल्या खणात काहीही येऊ शकतं: मी, आज, कॉफी, ऑर्हूसमध्ये, किंवा एखादं आख्खं उपवाक्य. ‘मी आज कॉफी पिते’ हे ‘याय ड्रिक्कर काफे इ डॅ’. ‘याय’ म्हणजे मी, ‘ड्रिक्कर’ म्हणजे पिते, ‘इ डॅ’ म्हणजे आज. आता ‘आज’ पुढे आणायचं असेल तर ‘इ डॅ ड्रिक्कर याय काफे’. क्रियापद जागचं हललं नाही. पहिला खण ‘आज’ने घेतल्यावर ‘मी’ला क्रियापदाच्या मागे जावं लागलं. इंग्रजीत मात्र ‘टुडे’ पुढे आलं तरी ‘आय’ क्रियापदाच्या आधीच राहतो, म्हणून इंग्रजीच्या सवयीनं माणूस म्हणतो ‘इ डॅ याय ड्रिक्कर काफे’. हे चुकलं. डॅनिश माणसाला अर्थ कळतो, पण कानाला तो क्रम दगडासारखा लागतो.

वर्गात मी हे कागदाच्या पट्ट्यांवर करून घेते. एकदा पुण्याहून आलेली एक मुलगी माझ्याकडे होती, संगणकाच्या कामात हुशार, नियम तोंडपाठ. लिहिताना बरोबर लिहायची, पण बोलताना दर वेळी घसरायची. मी चार पट्ट्या केल्या: याय, ड्रिक्कर, काफे, इ डॅ. ‘ड्रिक्कर’ची पट्टी चिकटपट्टीनं टेबलाला डकवून टाकली आणि म्हटलं, बाकीच्या तीन हव्या तशा फिरव, हिला हात लावायचा नाही. पहिली दहा मिनिटं ती थांबून थांबून पट्ट्या सरकवत होती. मग हळूहळू वेग आला. अर्ध्या तासानं तिनं पट्ट्यांकडे न बघता ‘इ मॉर्न’ म्हणजे उद्या हा नवा शब्द घेतला आणि क्रियापद लगेच त्याच्या मागे आणलं. तुम्ही घरी, जेवणाच्या टेबलावर, हे नक्की करा. हात फिरला की जीभ फिरते.

हे खण म्हणजे माझी कल्पना नव्हे. पॉल डिडरिक्सन या डॅनिश व्याकरणकारानं १९४६ मध्ये वाक्याचा असा खणाखणांचा तक्ता मांडला. डेन्मार्कमधल्या शाळांत आणि आमच्या वर्गात आजही त्याचीच रूपं वापरतात.

पहिल्या खणात आख्खं उपवाक्य येतं तेव्हा नवख्यांची फार त्रेधा होते. ‘घरी आल्यावर मी स्वयंपाक करते’ हे ‘नॉर याय कॉमर येम, लॅवर याय मॅद’. ‘नॉर याय कॉमर येम’ म्हणजे मी घरी येते तेव्हा. हे सगळं मिळून पहिला खण. त्याच्या पाठोपाठ लगेच ‘लॅवर’ म्हणजे करते, आणि मग ‘याय’. ‘ऑ’ म्हणजे आणि, ‘मेन’ म्हणजे पण. हे जोडशब्द मात्र खण अडवत नाहीत. ते बाहेर उभे असतात आणि मोजणी त्यांच्यानंतर सुरू होते.

आणखी एक गोष्ट कानात बसवून घ्या. डेन्मार्कमध्ये दिवसातून वीस वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘डे वे याय इक्के’. शब्दशः ‘ते माहीत आहे मला नाही’, म्हणजे ‘ते मला माहीत नाही’. इंग्रजीत हे ‘आय’पासून सुरू होतं. डॅनिश माणूस बहुतेक वेळा ‘ते’पासून सुरू करतो, कारण बोलणं त्या गोष्टीवर चाललेलं असतं. आपण मराठीतही असंच म्हणतो ना? ‘ते मला माहीत नाही.’ समोरच्याच्या बोलण्यातला धागा आधी उचलायचा ही सवय तुम्हाला मराठीतून आहेच, तीच वापरा.

आता नकार. ‘इक्के’ म्हणजे नाही. साध्या वाक्यात तो क्रियापदाच्या मागे येतो: ‘याय कॉमर इक्के’, मी येत नाही. पण ‘कारण’, ‘की’, ‘जर’ अशा शब्दानं सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रम उलटतो आणि ‘इक्के’ क्रियापदाच्या आधी उडी मारतो. ‘मी येत नाही, कारण मला वेळ नाही’ हे ‘याय कॉमर इक्के, फोर्डी याय इक्के हार टीद’. एकाच वाक्यात दोन ‘इक्के’, पहिला क्रियापदानंतर, दुसरा आधी. ‘आलटिद’ म्हणजे नेहमी, ‘ऑल्द्री’ म्हणजे कधीच नाही, असे शब्दही असेच जागा बदलतात. गंमत पुढे आहे. ‘कारण’साठी ‘फोर’ असा एक शब्द आहे, आणि तो ‘मेन’सारखा खणाबाहेरचा आहे. म्हणून ‘फोर याय हार इक्के टीद’. अर्थ तोच, पण क्रम साध्या वाक्याचा. हे वाचून घाबरू नका. सुरुवातीला फक्त ‘फोर्डी’ धरा आणि ‘इक्के’ आधी टाकायची सवय लावा. मॉड्यूलच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एकेका टप्प्याच्या, परीक्षेत ‘इक्के’ची जागा मी सगळ्यात आधी बघते, कारण उपवाक्य विद्यार्थ्याच्या अंगात मुरलंय की नाही हे तिथेच कळतं.

प्रश्न विचारणं मात्र इंग्रजीपेक्षा सोपं. ‘डू’, ‘डज’ अशी मदतीची क्रियापदं आणावी लागत नाहीत. ‘टॅलर डू डान्स्क?’ म्हणजे ‘बोलतेस तू डॅनिश?’ क्रियापद पुढे आणलं की प्रश्न झाला.

क्रियापदांच्या रूपांनी तर तुमचं ओझं उतरतं. मराठीत जातो, जाते, जातात, जातोस अशी केवढी रूपं. डॅनिशमध्ये मी, तू, तो, आम्ही, ते सगळ्यांना एकच. ‘असणे’ सगळ्यांसाठी ‘एर’, ‘जाणे’ सगळ्यांसाठी ‘गॉर’. वर्तमानकाळ म्हणजे बहुतेक वेळा शेवटी ‘र’. भूतकाळ बऱ्याच क्रियापदांना ‘एदे’ किंवा ‘टे’ लावून होतो, आणि काही जुनी क्रियापदं आतून बदलतात: ड्रिक्के, ड्राक, ड्रुक्केद. ही शंभरेक वापरातली रूपं पाठच करायची, दुसरा उपाय नाही. पूर्ण काळाला ‘हार’ लागतं, पण जाणं-येणं, कुठून कुठे पोचणं, बदल होणं यासाठी ‘एर’. ‘हान एर गॉएद’ म्हणजे तो निघून गेलाय. ‘हान हार गॉएद हेले डॅयेन’ म्हणजे तो दिवसभर चालत होता. एक शब्द बदलला आणि माणूस घरात आहे की नाही हेच बदललं.

इंग्रजीतला ‘आयएनजी’चा काळ डॅनिशमध्ये नाहीच. ‘याय लॅसर’ म्हणजे वाचते आणि वाचतेय, दोन्ही. आत्ता चाललेली क्रिया ठळक सांगायची असेल तर डॅनिश माणूस शरीर कसं आहे ते सांगतो: ‘याय सेदर ऑ लॅसर’, मी बसलेय आणि वाचतेय. ‘याय स्टॉर ऑ वेन्टर’, मी उभी आहे आणि थांबलेय. इंग्रजी भाषकांना हे विचित्र वाटतं आणि ते वर्षानुवर्षं टाळतात. आपण तर ‘वाचत बसलेय’, ‘वाट बघत उभी आहे’ असंच बोलतो. मराठी विद्यार्थी इथे पहिल्या महिन्यात डॅनिश माणसासारखा बोलू लागतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

‘व्हिल’ आणि ‘स्कॅल’ हे दोन शब्द इंग्रजीतल्या भावंडांसारखे दिसतात आणि फसवतात. ‘याय व्हिल येम’ म्हणजे मला घरी जायचं आहे, माझी इच्छा आहे. भविष्यकाळ नव्हे. ‘याय स्कॅल टिल ऑर्हूस इ मॉर्न’ म्हणजे मला उद्या ऑर्हूसला जायचंय, ते ठरलंय. ‘जाणे’ हे क्रियापद दोन्हीकडे बोललंच जात नाही, ‘स्कॅल’ आणि ‘टिल’मध्येच ते आलं. ‘मॉ’ हा शब्द परवानगीचा. ‘मॉ याय?’ म्हणजे करू का, घेऊ का. ‘डू मॉ इक्के’ म्हणजे मनाई आहे. इथे कामाच्या ठिकाणी गैरसमज होतात, तेव्हा हे तीन शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पाठ करा.

आता नामं. डॅनिशमध्ये दोन लिंगं आहेत: ‘एन’ची आणि ‘एट’ची. साधारण पाऊण हिस्सा नामं ‘एन’ची. ‘एन बील’, एक गाडी. ‘एट हूस’, एक घर. ‘ती गाडी’, म्हणजे ठराविक गाडी, म्हणायची तर इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द पुढे न लावता प्रत्यय मागे चिकटवायचा: ‘बीलेन’, ‘हूसेद’. अनेकवचनात ‘बीलर’, ‘बीलरने’; ‘हूसे’, ‘हूसेने’. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ ‘द’ शोधत पुढे धावते. तुमची जीभ ‘घर’ला ‘घरात’, ‘घराला’, ‘घराचं’ असं मागे जोडायला लहानपणापासून तयार आहे. तिला फक्त नवा प्रत्यय द्यायचा आहे.

विशेषण आलं की मात्र प्रत्यय निघून जातो आणि पुढे वेगळा शब्द येतो. ‘एन स्टोर बील’, एक मोठी गाडी. ‘एट स्टोर्ट हूस’, एक मोठं घर, इथे ‘एट’मुळे विशेषणाला ‘ट’ लागला. पण ठराविक गाडी, ठराविक घर म्हटलं की ‘डेन स्टोरे बील’, ‘डे स्टोरे हूस’, ‘डी स्टोरे बीलर’. सगळीकडे ‘स्टोरे’. आपल्याकडे मोठा वाडा, मोठी गाडी, मोठं घर असे तीन तऱ्हांचे मोठे असतात, पण विभक्ती लागली की मोठ्या वाड्यात, मोठ्या गाडीत, मोठ्या घरात, सगळे ‘मोठ्या’. डॅनिशमध्ये कारण वेगळं, पण भेद मिटून एकच रूप उरण्याची ही चाल तुम्हाला ओळखीची वाटेल. ‘डेन स्टोरे बीलेन’ असं दोन्हीकडून मात्र करू नका. नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये तसं चालतं, डॅनिशमध्ये नाही.

लिंग कसं ओळखायचं, हा प्रश्न दर बॅचला येतो. काही खुणा आहेत. ‘हेद’ आणि ‘निंग’ने संपणारे शब्द ‘एन’चे, ‘उम’ने संपणारे ‘एट’चे, जसं ‘एट मुसेउम’. माणसं बहुतेक ‘एन’ची, पण मूल ‘एट बार्न’. आपल्याकडेही ‘ते मूल’ नपुंसकच. याच्यापुढे खुणा कमी आणि अपवाद जास्त. म्हणून शब्द कधीही एकटा शिकू नका, ‘हूस’ नाही, ‘एट हूस’. तुमचे तीनशे शब्द पुन्हा काढा आणि प्रत्येकापुढे ‘एन’ किंवा ‘एट’ लिहा. ॲपनं ते दिलेलं असतं, पण घाईत तुम्ही ते गाळलं असणार.

‘सीन’ या छोट्या शब्दावर इंग्रजी भाषक वर्षभर चाचपडतात, आणि मराठी माणसाला तो पाच मिनिटांत कळतो. ‘हान टार सीन स्युकेल’ म्हणजे तो आपली सायकल घेतो. ‘हान टार हान्स स्युकेल’ म्हणजे तो त्याची, दुसऱ्या कुणाची तरी, सायकल घेतो. इंग्रजीत दोन्ही ‘हिज’. मराठीत ‘आपली’ आणि ‘त्याची’ हा भेद आहेच. नामाच्या लिंगाप्रमाणे ‘सीन’, ‘सिट’ आणि अनेकवचनी ‘सीने’ होतं. दोन पथ्यं फक्त पाळा. मराठीत ‘मी आपलं काम करते’ चालतं, डॅनिशमध्ये मी आणि तू यांना ‘सीन’ चालत नाही, तिथे ‘मीन’ आणि ‘डीन’च. आणि ‘सीन’ कर्त्याचा भाग होत नाही. ‘पेर आणि त्याची बायको येतात’ यात ‘हान्स’च यायला हवं.

असंच ‘केने’ आणि ‘वीदे’. इंग्रजीत दोन्हीला ‘नो’. माणसाला ओळखणं ते ‘केने’, गोष्ट माहीत असणं ते ‘वीदे’. बस, झालं. नात्यांतही असंच. आईची बहीण ‘मोस्टर’, वडिलांची बहीण ‘फास्टर’, मामा ‘मोरब्रोर’, काका ‘फारब्रोर’, आईची आई ‘मोरमोर’, वडिलांची आई ‘फारमोर’. मावशी-आत्या एक करणाऱ्या इंग्रजीतून हे शिकण्याची गरजच नाही.

डॅनिश बोलण्यात पेरलेले छोटे शब्द इंग्रजीतली पुस्तकं शेवटच्या पानांवर उरकतात, पण मला ते फार महत्त्वाचे वाटतात. ‘प्लीज’साठी एक नेमका शब्द डॅनिशमध्ये नाही. ‘ली’ म्हणजे आपला ‘जरा’. ‘कॅन डू ली…’ म्हटलं की ‘जरा देतेस का’चा सूर आला आणि विनंती मऊ झाली. ‘यो’ म्हणजे आपला ‘की’ किंवा ‘ना’. ‘हान कॉमर यो इ मॉर्न’, तो उद्या येतोय की. ‘डू वे यो…’, तुला माहीतच आहे ना. हे शब्द नसले तर वाक्य व्याकरणात बरोबर असूनही हुकूम दिल्यासारखं वाटतं, आणि नवीन माणूस उद्धट ठरतो. मराठीतून ‘जरा’, ‘बरं’, ‘ना’, ‘की’, ‘च’ काढून टाका म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल.

आकड्यांपाशी थोडं थांबते, कारण सगळे परदेशी लोक इथे हात टेकतात आणि आपण मराठी लोकांनी इथे खरं तर आनंदानं हसायला हवं. पन्नास म्हणजे ‘हालट्रेस’, साठ ‘ट्रेस’, सत्तर ‘हालफ्येर्स’, ऐंशी ‘फीर्स’, नव्वद ‘हालफेम्स’. ही विसांची मोजणी आहे. ‘ट्रेस’ म्हणजे तीन विसा. ‘फीर्स’ म्हणजे चार विसा. आपल्याकडची जुनी माणसं ‘तीन विसा’ म्हणून साठ मोजायची, तीच रीत. मग पन्नास? ते ‘हालट्रेद्ये’ विसा. ‘हालट्रेद्ये’ म्हणजे ‘अर्धा तिसरा’, दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. आता आपला ‘अडीच’ शब्द कुठून आला? संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून, प्राकृतातून झिजत. अर्धा तिसरा! अडीच विसा पन्नास. सत्तरमधला ‘हालफ्येर्दे’ म्हणजे ‘अर्धा चौथा’, साडेतीन. यासाठीही मराठीत जुना शब्द आहे, ‘औट’, तो ‘अर्धचतुर्थ’वरून आला. आपल्या आजोबांच्या पिढीनं दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केली होती. औट विसा सत्तर. नव्वद म्हणजे साडेचार विसा. आजच्या डॅनिश माणसाला यातलं बहुतेक आठवत नाही. त्याच्यासाठी ते फक्त शब्द आहेत. ‘पन्नासावा’ म्हणताना मात्र पूर्ण रूप अजून डोकावतं, ‘हालट्रेसिन्सट्यूवने’, त्यात ‘ट्यूवे’ म्हणजे वीस ऐकू येतो. सुटा उरलेला अर्ध्याचा शब्द म्हणजे ‘हालआनन’, अर्धा दुसरा, आपला दीड.

शिवाय एकक आधी, दशक मागे: ‘फेम ऑ ट्यूवे’, पाच आणि वीस, पंचवीस. ‘फेम ऑ हालफ्येर्स’, पंचाहत्तर. इंग्रजीतून भाषांतर करत बसाल तर दर वेळी आकडे उलटे कराल. मराठीतून थेट जा. घड्याळाचंही असंच. ‘हाल ट्रे’ म्हणजे अडीच वाजले, तीनकडे जाणारा अर्धा तास. ब्रिटिश इंग्रजी बोलणारे बोलीत ‘हाफ थ्री’ म्हणतात तेव्हा त्यांना साडेतीन म्हणायचं असतं. माझी एक विद्यार्थिनी या एका शब्दामुळे दातांच्या डॉक्टरकडे तासभर उशिरा पोचली आणि तिची वेळ गेली. भेटीची वेळ ठरवताना आकडा पुन्हा विचारून खात्री करा, त्यात कमीपणा नाही.

उच्चारांबद्दल थोडक्यात, कारण ते लिहून शिकवता येत नाहीत. डॅनिश वर्णमालेत २९ अक्षरं. शेवटचं अक्षर ‘ऑ’ हे १९४८ च्या लेखनसुधारणेत आलं. त्याआधी तिथे दोन ‘ए’ लिहायचे. ऑर्हूस शहरानं तर २०११ पासून आपलं नाव पुन्हा दोन ‘ए’नी लिहायला घेतलं, म्हणून पाट्यांवर दोन्ही दिसतील. ‘ऑ’ आणि ‘ॲ’ आपल्याला सरावाचे आहेत. दोन स्वर नवे: ओठ ‘ऊ’सारखे करून आतून ‘ई’ म्हणा, आणि ओठ ‘ओ’सारखे करून आतून ‘ए’ म्हणा. ‘हूसेद’मधला शेवटचा ‘द’ मऊ असतो, जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून काढायचा. सुरुवातीला तो तुम्हाला ‘ल’सारखा ऐकू येईल. तसा ऐकू आला तर कान बरोबर आहे. आणि घशातला आचका, त्याला ‘स्टूद’ म्हणतात, तो अर्थ बदलतो. ‘हुन’ साधा म्हटला तर ती, आचक्यासह म्हटला तर कुत्रा. ‘मोर’ म्हणजे आई, आचक्यासह खून. शब्द शिकताना त्याच दिवशी त्याचा आवाज ऐका. ‘डेन डान्स्के ऑर्डबॉ’ हा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात लिंग, सगळी रूपं आणि उच्चाराचा आवाज एकाच पानावर मिळतो. मी अजून रोज उघडते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. रास्मुस रास्क हे डॅनिश भाषापंडित १८२० मध्ये मुंबईला आले होते. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाची हस्तलिखितं घेऊन ते १८२३ मध्ये कोपनहेगनला परतले, आणि १८३० मध्ये त्यांनी इंग्रजांसाठी डॅनिशचं व्याकरण लिहिलं. इंग्रजीच्या खिडकीतून डॅनिश बघण्याची ही परंपरा दोनशे वर्षांची आहे. तुमच्याकडे दुसरी खिडकीही आहे, ती उघडी ठेवा.

चार महिन्यांचं म्हणाल तर पहिला महिना नुसत्या पट्ट्या आणि दुसरा खण. दुसऱ्यात ‘इक्के’ आणि ‘फोर्डी’. नामांचे प्रत्यय आणि ‘एन-एट’ रोज थोडे, पहिल्या दिवसापासून. आकडे भाजी निवडताना मोठ्यानं म्हणा. इथे आल्यावर भाषाकेंद्रात नाव घाला. तिथे मॉड्यूल पार करत जायचं असतं, आणि तुमच्या शिक्षणाच्या माणसाला बहुधा तिसऱ्या पातळीच्या वर्गात घेतात.

पहिल्या दिवशी शिक्षिका विचारेल, ‘वॅ हेदर डू?’, तुझं नाव काय, आणि ‘वॉर कॉमर डू फ्रा?’, तू कुठली. प्रश्नातही बघा, पहिला खण प्रश्नशब्दाचा, दुसरा क्रियापदाचा. नाव सांगा, ‘याय कॉमर फ्रा’ म्हणून गावाचं नाव सांगा. मग स्वतःहून एक वाक्य पुढे टाका, ‘आता मी ऑर्हूसला राहते’. तेव्हा ‘नू’ म्हणून क्षणभर थांबलात तरी चालेल, पण त्याच्यामागे ‘याय’ येऊ देऊ नका: ‘नू बोर याय इ ऑर्हूस.’